दिव्याला तेल कोणी घालायचे?

दिवाळीचे चार दिवस सरले, फराळाचे डबे तळाला लागले आणि शाळा उघडायला अजून आठवडा आहे, अशी वेळ आली की आपल्याकडील कुटुंबाला देव आठवतो. मोटार ठरते. आजीला पुढची जागा, मुलांना खिडक्या, आणि मधल्या जागेत चिवड्याची पिशवी. पहाटे निघायचे, शिर्डी करायची, शनिशिंगणापूर करायचे, जाता जाता देवगड करायचे, आणि सूर्य थोडा वर असलाच तर नेवासे करायचे. हे 'करणे' मोठे गमतीचे क्रियापद आहे. भांडी करावीत, उसाभर करावी, तसे आपण देव करतो. रात्री घरी पोचलो की पाय चेपीत म्हणतो, "एका दिवसात चार केले हो!"

या चारांत नेवाशाच्या वाट्याला येतो अर्धा तास. पादत्राणे काढायची, ज्या खांबाला टेकून ज्ञानदेवांनी गीता सांगितली म्हणतात त्या खांबापुढे हात जोडायचे, प्रसाद घ्यायचा, फोटो काढायचा. तेवढ्यात बाहेर भोंगा वाजतो. नदी कुठे आहे, हे कोणी विचारीत नाही. नेवासे नदीकाठी आहे एवढेही पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही.

मला या अर्ध्या तासाशी भांडायचे आहे. भाविकतेशी माझे भांडण नाही. आजीने खांबापुढे डोके टेकले तर तिच्या डोळ्यांत जे पाणी येते त्याचा मला आदर आहे. पण ज्या काठाने तो खांब दिला, त्या काठाकडे पाठ करून खांबाला नमस्कार करायचा, ही रीत मला मान्य नाही. माझे म्हणणे असे की नेवाशाला एक सबंध दिवस द्यावा, तो पायी द्यावा, आणि नदीपासून सुरुवात करून खांबाशी संपवावा. असा दिवस देणारी माणसे उरली नाहीत, म्हणूनच हा काठ आपल्या डोळ्यांदेखत झिजतो आहे, असा माझा आरोप आहे. आणि हा आरोप सरकारच्या आधी आपल्यावर, म्हणजे मोटारीत बसलेल्या तुमच्या-माझ्यावर आहे.

तर चला, सकाळपासून निघू.

प्रवरा सह्याद्रीत रतनगडाच्या परिसरात उगम पावते. भंडारदऱ्याच्या धरणात विसावते, अकोले आणि संगमनेर या गावांना पाणी पाजते, आणि नेवासे मागे टाकून प्रवरासंगमाला गोदावरीत मिळते. तिच्या एका काठावर नेवासे खुर्द आणि दुसऱ्यावर नेवासे बुद्रुक. खुर्द म्हणजे धाकटे आणि बुद्रुक म्हणजे थोरले. पण तालुक्याचे ठाणे आहे धाकट्याकडे. थोरल्याने हा अपमान निमूटपणे गिळलेला दिसतो.

गावाला नाव कोणतेही असो, त्याची जुनी कथा अमृताची आहे. समुद्रमंथन झाले, देवदानवांत अमृतावरून जुंपली, आणि विष्णूने मोहिनीचे रूप घेऊन अमृताची वाटणी केली, ती येथे. पंगतीत चोरून बसलेल्या राहूचा शिरच्छेद झाला. त्याचे शिर पडले ते राहुरी आणि काया पडली ते कायगाव, असे या पंचक्रोशीतील म्हातारी माणसे सांगतात. कथा खरी की खोटी हा प्रश्न येथे गैरलागू आहे. कथा रचणाऱ्यांनी आपल्या भूगोलाकडे डोळे उघडे ठेवून पाहिले होते, हे तिच्यातून दिसते. नदीकाठची तीन गावे त्यांनी एका गोष्टीत ओवली. त्यांना नदी ठाऊक होती. आपल्याला तिच्यावरचा पूल ठाऊक आहे.

काठाने थोडे चालले की दरड लागते. पावसाने कापलेली, उभी, मातकट, बाभळींची मुळे बाहेर आलेली. मुले अशा ठिकाणी पळतात आणि आपण ओरडतो. त्यांना ओरडू नये; त्यांचा हात धरून दरडीजवळ न्यावे आणि तिचे थर दाखवावेत. तळाशी गोट्यांचा, चुनखडीने घट्ट बांधलेला थर. त्यावर गाळाची पिवळट माती. पुन्हा बारीक गोटे, पुन्हा माती. ही प्रवरेने आपल्या हाताने लिहिलेली पाने आहेत. खालच्या गोट्यांत काळ्या दगडाच्या हातकुऱ्हाडी आणि फरशा सापडल्या; त्या ज्यांनी घडवल्या ती माणसे लाखाहून अधिक वर्षांपूर्वीची. वरच्या गोट्यांत गारेसारख्या चिवट दगडाची, अकीकाची, लहान तासण्या आणि टोचण्या अशी हत्यारे मिळाली. ही दुसरी हत्यारे इतकी वेगळी होती की पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्ववेत्ते हसमुख धीरजलाल सांकळिया यांनी त्या संस्कृतीला या गावाचेच नाव दिले. जगातील अश्मयुगाच्या अभ्यासकांच्या कोशात 'नेवासियन' हा शब्द त्यामुळे गेला. पॅरिस-लंडनच्या विद्वानांना ठाऊक असलेले हे नाव नेवाशाला येऊन गेलेल्या किती मोटारींना ठाऊक आहे?

आणि आता ही नदी पाहा. या जिल्ह्यातील प्रवरा, मुळा, गोदावरी, कोणतेही पात्र घ्या. वाळूचा उपसा हा शब्द उच्चारल्याखेरीज त्याच्याविषयी बोलता येत नाही. रात्री चालणारे ट्रॅक्टर, उपशाच्या पोटच्या खड्ड्यांत बुडालेली गुरे, तलाठ्यांवर धावून जाणारी माणसे, या बातम्या वर्तमानपत्रांतून इतक्या वेळा येतात की आपण त्या हवामानाच्या बातमीसारख्या वाचतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली दीपक कुमार खटल्यात सांगितले की वाळूसारख्या गौण खनिजाच्या लहान पट्ट्यांनासुद्धा पर्यावरणाची परवानगी लागेल. २०२३ मध्ये राज्य सरकारने सहाशे रुपये ब्रासने सरकारी डेपोतून वाळू देण्याचे धोरण आणले, आणि २०२५ मध्ये ते मोडून दुसरे आणले. धोरणे बदलली. पात्राची भूक मात्र कोणी विचारात घेतली नाही.

वाळू गेली की काय होते, हे शेतकऱ्याला विचारा. वाळू म्हणजे नदीचा माठ. पावसाळ्याचे पाणी ती पोटात धरून ठेवते आणि काठच्या विहिरींना उन्हाळाभर झिरपून देते. माठ फोडला की विहीर आटते. पात्र खोल गेले की दरडींचा पाया सुटतो आणि काठ ढासळतो. इतर नद्यांच्या बाबतीत एवढेच नुकसान पुरे झाले असते. येथे त्याहून अधिक जाते. येथे काठ ढासळतो तेव्हा त्याबरोबर वर सांगितलेली पाने ढासळतात. ज्या दरडीतून या देशातील माणसाचा इतिहास वाचला गेला, ती दरड वाहून गेली की पुन्हा छापता येत नाही. ग्रंथालय जळाले तर आपण हळहळतो. नालंदेचे नाव घेऊन आजही हळहळतो. हे ग्रंथालय पाटी-फावड्याने आणि ट्रॉलीने नेले जाते, म्हणून हळहळत नाही, इतकाच फरक.

दिवस वर आला की लाडमोडच्या टेकाडावर जावे. दुरून पाहिले तर हे एक साधे मातीचे उंचवटे. पण पायाखाली खापऱ्या करकरतात. या टेकाडात सांकळिया, शां. भा. देव आणि झेड. डी. अन्सारी यांनी १९५४ ते १९५६ या काळात उत्खनन केले, पुढे १९५९ ते १९६१ मध्ये पुन्हा केले, आणि पहिल्या उत्खननाचा ग्रंथ १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. ग्रंथाचे नावच मोठे अर्थपूर्ण आहे: इतिहासाकडून प्रागितिहासाकडे, नेवाशात. म्हणजे वरून खाली उतरत जायचे. वरती मुसलमानी आणि मराठी अमदानी. तिच्याखाली सातवाहनांचा काळ, आणि त्यात भूमध्य समुद्राकडून आलेल्या दोन कानांच्या मद्यकुंभांची खापरे. हो, रोमन व्यापाऱ्यांचे मद्य या खेड्यापर्यंत पोचले होते! आणि तिच्याखाली तांब्याचा आणि दगडाचा एकत्र वापर करणाऱ्या शेतकऱ्यांची वस्ती, तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची. कुडाच्या भिंती, गवताची छपरे आणि तांबड्या भांड्यांवर काळ्या रंगाची नक्षी.

या नक्षीच्या भांड्यांना 'जोर्वे' भांडी म्हणतात. का? तर संगमनेर तालुक्यात प्रवरेच्याच काठी जोर्वे नावाचे गाव आहे, तेथे १९५०-५१ मध्ये ती प्रथम नीट ओळखली गेली. प्रवरेच्याच काठी श्रीरामपूर तालुक्यात दायमाबाद आहे. तेथे १९७४ मध्ये ओतीव धातूचे हत्ती, गेंडा, रेडा आणि बैल जुंपलेला रथ सापडला, साठ किलोंहून अधिक वजनाचा. एकाच नदीच्या काठावर एका जिल्ह्यात अशी तीन स्थळे! दुसऱ्या एखाद्या देशात या काठाने पायवाट बांधली असती, शाळांच्या सहली रांगेने नेल्या असत्या आणि त्या पोरांनी घरी जाऊन आईबापांना धडे दिले असते.

तुम्ही म्हणाल, खापऱ्यांत काय पाहायचे? मुलांना कंटाळा येईल. मग त्यांना एकच गोष्ट सांगा. या तांब्यादगडाच्या काळातील घरांत लहान मूल गेले की त्याला गावाबाहेर नेत नसत. दोन मडक्यांची तोंडे एकमेकांना लावून त्यांच्या पोटात ते ठेवीत आणि घराच्या जमिनीखालीच पुरीत. आईच्या चुलीपासून ते दूर जाऊ नये म्हणून असेल. आपण कारण सांगू शकत नाही, पण समजू शकतो. नेवाशात सापडलेल्या अशा एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. मण्यांत अडकून राहिलेल्या दोऱ्याचे कण तपासले, तेव्हा त्यांत कापूस आणि रेशीम ओळखले गेले. म्हणजे या काठावर तीन हजार वर्षांपूर्वी कोणा आईने आपल्या लेकराच्या गळ्यात रेशमाच्या दोऱ्यातली माळ घातली होती. दिवाळीत मुलांना नवे कपडे करणाऱ्या घराला ही गोष्ट परकी का वाटावी? हे सांगून पाहा, आणि मग कंटाळा कोणाला येतो ते कळेल.

या टेकाडाविषयी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. सातवाहनकाळच्या वस्तीनंतर येथे शतकानुशतकांचा खंड पडतो आणि टेकाड पुन्हा गजबजते ते चौदाव्या-पंधराव्या शतकाच्या सुमारास. म्हणजे ज्ञानदेवांचा काळ टेकाडाच्या पोटात जवळजवळ नाही. ते पान गावातल्या एका खांबावर आहे. खांब टेकाडाला पुरा करतो, टेकाड खांबाला. आणि दोघांना पोसणारी नदी. यांतले एकच पाहून परतणे म्हणजे पोथीचे एक पान वाचून पारायण झाले म्हणण्यासारखे आहे.

दुपारी गावात शिरून मोहिनीराजाच्या देवळात जावे. सावली गार असते आणि कोरीव काम डोळ्यांना बसून पाहता येते. हे देऊळ अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी बांधले. ते होळकरांचे दिवाण. इतिहासात या गृहस्थांची कीर्ती फारशी चांगली नाही. १७६७ मध्ये मालेराव होळकर वारले, गादीवर अहिल्याबाई एकट्या उरल्या, तेव्हा याच दिवाणजींनी राघोबादादांशी संधान बांधले आणि फौज घेऊन इंदुरास या असे सुचविले. बाई डगमगल्या नाहीत. राघोबादादांना सांत्वनाला आलो असे म्हणण्याची पाळी आली. राजकारणात दोघे एकमेकांसमोर उभे होते. पण पाहा, काठावर आल्यावर दोघांचे हात एकाच कामाला लागतात. दिवाण नेवाशात देऊळ बांधतो; बाई काशीला घाट बांधते, महेश्वरला नर्मदेवर घाट बांधते, आणि याच जिल्ह्यात पुणतांब्याला गोदावरीवर घाट बांधते. त्या काळच्या भांडखोर माणसांना एवढे कळत होते की नदीला पायऱ्या बांधल्या पाहिजेत, कारण पायऱ्या असल्या म्हणजे माणूस खाली उतरतो, पाण्याला हात लावतो, आणि ज्या पाण्याला रोज हात लावतो त्यात घाण करायला लाजतो.

आता थोडे कडू बोलतो. या जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. अहिल्याबाई येथल्याच, जामखेड तालुक्यातल्या चौंडीत १७२५ मध्ये जन्मल्या. नाव देताना मिरवणुका निघाल्या, भाषणे झाली, पाट्या रंगल्या. नाव कोणते असावे या वादात मला पडायचे नाही. ते झाले ते झाले. पण कोणाचे नाव घेतले याचा अर्थ काय होतो? वाण्याकडून उधारी घेतली की वहीत नाव लागते. तसे थोरामोठ्यांचे नाव घेतले की आपल्या नावावर ऋण लागते. घाट बांधणाऱ्या बाईचे नाव ज्या जिल्ह्याने धारण केले, त्या जिल्ह्यातील घाटांच्या पायऱ्या आज कोण धुते? कोणत्या नाल्याचे पाणी कोणत्या घाटाशी उतरते? पाट्या रंगवणाऱ्यांनी या प्रश्नांचे उत्तर आधी द्यायचे असते. घाटावर गटार सोडून चौकात पुतळा बसवला तर बाईंना काय वाटेल, हे सांगायला फार कल्पनाशक्ती लागत नाही.

आणि पाण्याविषयी हा जिल्हा बेफिकीर आहे असे तर मुळीच नाही! भंडारद्याच्या धरणाचे काम १९२६ मध्ये पुरे झाले, प्रवरेचे पाणी कालव्यांनी ऊसात गेले, आणि १९५० मध्ये लोणीला देशातील पहिल्या सहकारी साखर कारखान्यांतील एक उभा राहिला. तेव्हापासून कोणते आवर्तन कधी सुटेल, जायकवाडीला किती सोडायचे आणि आपल्याला किती राहील, यावर येथे मोर्चे निघतात, न्यायालयांत दावे चालतात. थेंबाथेंबाचा हिशेब ठेवणारा हा जिल्हा. मग ज्या काठांमधून हे पाणी वाहते त्यांचा हिशेब का नाही? दुधाचा रतीब मोजून घ्यायचा आणि भांडे फुटले तरी पाहायचे नाही, असा हा संसार आहे.

दिवस कलू लागला. आता खांबाशी जावे, शेवटी, पाय दुखत असताना.

पैस खांब म्हणतात त्याला. पैस म्हणजे विस्तार, मोकळी जागा. दुर्गा भागवतांनी १९७० मध्ये आपल्या निबंधसंग्रहाला हेच नाव दिले. एके काळी येथे करवीरेश्वराचे देऊळ होते. ते गेले आणि खांब राहिला. आज त्याच्याभोवती विसाव्या शतकात उभारलेले मोठे मंदिर आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, याच गावी ज्ञानेश्वरी पुरी झाली. राजा होता रामचंद्र यादव आणि लेखक होते सच्चिदानंदबाबा. संस्कृतात कुलुपबंद असलेली गीता मऱ्हाटीत आणणारा तो कोवळ्या वयाचा योगी या गावात बोलला, आणि बाबांनी ते लिहून घेतले. शेवटी त्याने काय मागितले, हे तुम्हां सर्वांना पाठ आहे. स्वतःसाठी काही नाही, साऱ्या विश्वासाठी.

पण मला आज त्या खांबावरच्या दुसऱ्या मजकुराकडे तुमचे लक्ष ओढायचे आहे. खांबावर संस्कृत लेख कोरलेला आहे. तो कशाविषयी आहे? विजयाविषयी नाही, वंशावळीविषयी नाही, देऊळ कोणी बांधले याविषयीही नाही. करवीरेश्वरापुढे अखंड दिवा तेवत राहावा म्हणून तेलासाठी दरमहा काही नाणी देण्याची व्यवस्था त्यात नोंदली आहे. एवढेच!

मला वाटते, आपल्या सार्वजनिक जीवनावर यापेक्षा खोचक भाष्य दुसरे नसेल. त्या दात्याने देऊळ नवे बांधले नाही. कळस चढवला नाही. कमान उभारली नाही. त्याने तेलाची सोय केली. एकदाच नव्हे, दरमहा. कारण त्याला ठाऊक होते की दिवा लावायला एक माणूस आणि एक संध्याकाळ पुरते. तेवता ठेवायला पिढ्या लागतात. आज आपल्याकडे काय चालते? कमानीला देणगी मिळते, कळसाला मिळते, संगमरवरी फरशीला मिळते. कारण त्यांवर नाव कोरता येते. सुशोभीकरणाला निधी मिळतो, कारण त्याचे उद्घाटन होते, नारळ फुटतो, छायाचित्र छापून येते. पण घाट रोज झाडायला, दरडीला कुंपण घालून पावसाळ्यात लक्ष ठेवायला, टेकाडावरची खापरी पोरांनी खिशात घालून नेऊ नये म्हणून एक माणूस नेमायला, नाल्याचे पाणी गाळून सोडायला पैसे मागा. सगळे घड्याळाकडे पाहतात. यात कोरण्यासारखे नाव नाही ना! आणि गंमत अशी की त्या तेलाच्या दानाचाच लेख सात-आठ शतके टिकला आणि देऊळ बांधणाऱ्याचे नाव गेले.

दोन आक्षेप मला माहीत आहेत. पहिला म्हणजे, घरे बांधायला वाळू हवी, ती कोठून आणायची? आक्षेप खरा आहे. गरिबाच्या घराला वाळू लागतेच. पण खडी दळून केलेली वाळू आज बाजारात मिळते आणि २०२५ मध्ये तिच्यासाठी राज्य सरकारने वेगळे धोरण केले आहे. शिवाय नदीतून वाळू मुळीच काढू नये, असे मी म्हणतच नाही. जेथे काठाच्या दरडीत माणसाचा इतिहास आहे, तेथले काही मैल तरी सोडा, एवढीच मागणी आहे. देवळाच्या गाभाऱ्यातली फरशी कोणी उचलून नेत नाही. कारण तेथे देव आहे असे आपण मानतो. या दरडीतही आपले पूर्वज आहेत, एवढे मानले की पुरे.

दुसरा आक्षेप अधिक निगरगट्ट आहे. म्हणतात, या देशात हे व्हायचे नाही. नद्या अशाच राहायच्या. त्यांना मी सिंगापूरचे उदाहरण देतो. तेथली नदी म्हणजे शहराचे पोट आणि गटारही. होड्यांची घाण, डुकरांच्या वाड्यांचे सांडपाणी, फेरीवाल्यांचा कचरा, सगळे तिच्यात. १९७७ मध्ये त्यांनी ती साफ करायचे ठरवले आणि दहा वर्षे, १९८७ पर्यंत, त्याच एका कामाच्या मागे लागले. माणसे हलवली, त्यांना दुसरी जागा दिली, गटारे वळवली. दहा वर्षे! आपल्याकडे दहा महिने एका कामात टिकणारा अधिकारी बदलीला सामोरा जातो. म्हणजे अशक्य असे काही नव्हते. लागणारी वस्तू एकच होती, तेलाची सोय.

आणि काशी? अस्सीपासून राजघाटापर्यंत पायऱ्या-पायऱ्यांनी चालत जाता येते, वाटेत अहिल्याबाईंचाही घाट लागतो. तेथली गंगा स्वच्छ आहे असे माझे म्हणणे नाही. पण तेथे माणूस नदीकडे तोंड करून उभा राहतो आणि म्हणून नदी मेली तर त्याला कळते, तो ओरडतो. आमच्या नदीकाठच्या गावांची नवी घरे पाहा. दर्शनी भाग रस्त्याकडे आणि मोरी नदीकडे. ज्या नदीच्या जिवावर गाव वसले, तिच्याकडे आपण आपली मोरी उघडली आहे.

म्हणून माझी विनंती या दिवाळीत मोटारीत बसणाऱ्या प्रत्येक घराला आहे. चार देव करू नका. एक काठ चाला. सकाळी नदीत पाय बुडवा, दरड दुरून पाहा आणि तिचे गोटे उपटू नका, टेकाडावर मुलांना त्या माळेची गोष्ट सांगा, मोहिनीराजाच्या सावलीत भाकरी खा, संध्याकाळी खांबापाशी बसा. आजीला वाटेत रिक्षा करा. तिची आडकाठी नाही. परतताना दानपेटीत जे टाकणार असाल ते टाका, पण विश्वस्तांना आणि नगरपंचायतीला एक साधा प्रश्न विचारा. कमानीसाठी किती, ते सांगितलेत. घाट झाडण्यासाठी दरमहा किती, ते सांगा. दहा घरांनी विचारला तर हसतील. शंभरांनी विचारला तर वही काढतील. हजारांनी विचारला तर उत्तर द्यावे लागेल, कारण ज्या गावाला येणाऱ्यांच्या पैशांवर जगायचे आहे त्याला येणाऱ्यांचा प्रश्न फार दिवस टाळता येत नाही.

आणि नेवासेकरांनो, तुम्हांलाही थोडे. तुमच्या शाळेतल्या प्रत्येक मुलाला सांकळियांचे नाव, लाडमोडचे टेकाड आणि त्या रेशमी दोऱ्याची गोष्ट ठाऊक असली पाहिजे. उत्खननातील वस्तू पुण्यास गेल्या, त्या तेथे नीट राहतील. पण त्यांच्या प्रतिकृती, नकाशे आणि छायाचित्रे ठेवायला शाळेची एक खोली पुरते. त्या खोलीला मोठे उद्घाटन नको. तिची किल्ली ज्याच्याकडे राहील आणि जो रोज सकाळी ती उघडील, अशा एका मास्तरांची नेमणूक करा, आणि त्यांचा पगार दरमहा पोचेल अशी व्यवस्था करा. तुमच्या गावच्या खांबाने सातशे वर्षांपूर्वी यापेक्षा वेगळे काही सांगितलेले नाही.